मंगलोरच्या सेंट अलॉयशियस चॅपलमध्ये नेमकं काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरात मंगलोरला जाणं होतंय, सेंट अलॉयशियस कॉलेजचं चॅपल बघायचंय, सगळे त्याला भारतातलं सिस्टिन चॅपल म्हणतात, तर ते खरंच फ्रेस्को, म्हणजे ओल्या चुन्यावर रंगवलेलं चित्र, आहे का, तिथल्या पावसात टिकलं कसं, आणि बिल्डिंग म्हणून त्यात बघण्यासारखं काही आहे की फक्त चित्रंच बघायची. मी भिंतीवरच्या चित्रांचं कॉन्झर्वेशन करते, बरीच वर्षं तेच चालू आहे, जास्त करून चुन्याच्या गिलाव्यावरची चित्रं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ते सिस्टिन डोक्यातून काढा. त्या नावामुळे टुरिस्ट येतात हे ठीक आहे पण बघणाऱ्याचं नुकसान होतं, कारण माणूस आत शिरतो, मायकेलअँजेलोसारखे पिळदार अंगाचे लोक शोधतो, ते दिसत नाहीत, मग मान वर करून दोन मिनिटं बघतो आणि "छान आहे" म्हणून बाहेर. सिस्टिन हे पोपचं खाजगी चॅपल, तिथे मुलं नाहीत, शाळा नाही. मंगलोरचं हे शाळा-कॉलेजचं चॅपल आहे आणि त्याचं खरं नातं रोममधल्या दुसऱ्याच एका वास्तूशी लागतं, सांत इन्याझिओ चर्चशी. हे चर्च १६२६ ते १६५० च्या दरम्यान बांधलं ते रोमन कॉलेजच्या शेजारी, म्हणजे जेझुइटांच्या (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघातल्या लोकांच्या) सगळ्यात मोठ्या विद्यापीठासाठी. आणि गंमत काय, त्या चर्चला घुमट बांधायचा होता तो कधी झालाच नाही. पैसे संपले म्हणतात, शेजाऱ्यांनी उजेड अडेल म्हणून तक्रार केली असंही सांगतात, काही असो. शेवटी १६८५ मध्ये आंद्रेआ पोत्झो नावाच्या माणसाने एका प्रचंड कॅनव्हासवर घुमट रंगवला आणि तो छताला लावून टाकला. खालून एका ठराविक जागी उभं राहिलं की खरा घुमट वाटतो, चार पावलं सरकलात की कलंडतो. हा पोत्झो जेझुइट होता पण फादर नव्हता, ब्रदर होता, म्हणजे व्रतं घेतलेला पण पुरोहित नाही. पुढे त्याने पर्स्पेक्टिव्हवर, म्हणजे सपाट जागेवर खोली दाखवण्याच्या विद्येवर, पुस्तकही लिहिलं आणि चर्चच्या छतावर खोटं आर्किटेक्चर रंगवण्याची ती सगळी विद्या युरोपभर गेली.

आता मंगलोरचा चित्रकार बघा. आंतोनियो मोस्केनी, तोही जेझुइट, तोही ब्रदर. आणि चॅपल ज्याच्या नावाचं आहे तो संत अलॉयशियस, त्याच्या अस्थी कुठे आहेत, तर त्याच सांत इन्याझिओमध्ये, पोत्झोनेच डिझाइन केलेल्या वेदीत. तुलना करायचीच असेल तर ही करा. न बांधलेली इमारत रंगात उभी करायची, हे जेझुइट शाळांचं जुनंच काम.

अलॉयशियसबद्दल थोडं सांगते, नाहीतर छतावरची चित्रं कळणार नाहीत. इटालियनमध्ये लुइजी गोंझागा, जन्म १५६८, कास्तिलिओनेच्या मार्क्विसचा, म्हणजे तिथल्या सरदाराचा, थोरला मुलगा, म्हणजे गादीचा वारस. १५८० मध्ये त्याला पहिलं कम्युनियन (मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद) दिलं ते कार्डिनल चार्ल्स बोरोमिओने. नंतर स्पेनच्या दरबारात राजपुत्राचा सोबती म्हणून राहिला, तिथला थाट बघून त्याचं मन उलट दिशेला गेलं, वडिलांशी भरपूर भांडण झालं आणि शेवटी १५८५ मध्ये वारसाहक्क धाकट्या भावाच्या नावे करून रोमला येशूसंघात दाखल झाला. रोमन कॉलेजात शिकत असताना शहरात साथ आली, रोग्यांना उचलून नेण्याचं काम केलं, स्वतः आजारी पडला आणि २१ जून १५९१ ला गेला. वय २३. १७२६ मध्ये संत जाहीर झाला आणि तीन वर्षांनी तरुण विद्यार्थ्यांचा पालक संत. म्हणून जगभर जेझुइट शाळांना त्याचं नाव दिसतं. त्याच्याबरोबर त्याच दिवशी स्टॅनिस्लॉस कोस्टका संत झाला, तोही कोवळ्या वयात गेलेला जेझुइट, बांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस शाळा त्याच्या नावाची, मुंबईकरांना लगेच कळेल.

मंगलोरात जेझुइट आले ते १८७८ च्या ३१ डिसेंबरला. तिथले कॅथलिक मुळात बहुतेक गोव्याकडून खाली सरकलेले, घरात कोकणी बोलणारे, शिक्षणाची हौस असलेले पण शहरात कॅथलिक कॉलेज नाही, आणि त्यांचीच मागणी होती की कोणीतरी येऊन कॉलेज काढा. पोप लिओ तेराव्याने मिशन कार्मेलाइट या दुसऱ्या धर्मसंघाकडून काढून इटलीच्या जेझुइटांकडे दिलं आणि १८८० च्या जानेवारीत कॉलेज सुरूही झालं, एवढी घाई. टेकडीवरची जागा लॉरेन्स लोबो प्रभू या स्थानिक गृहस्थांनी दिली (पोर्तुगीज लोबो आणि मूळचं कोकणी प्रभू एकत्र, हे आडनाव वाचूनच गोव्याचा सगळा इतिहास आठवतो). मुख्य इमारतीचं डिझाइन फादर जोसेफ विली यांचं. चॅपल त्याच १८८० च्या दशकातलं. पण रंग यायला जवळपास पंधरा वर्षं गेली. तोवर पोरं साध्या पांढऱ्या भिंतींमध्येच प्रार्थना करत होती, हे लक्षात ठेवा, कारण याचा अर्थ मूळ इमारत चित्रांसाठी म्हणून बांधलेली नाही, चित्रकाराला जे मिळालं त्यावर त्याने काम केलंय.

आणि मिळालं काय, तर एक लांबट हॉल. किनारपट्टीवरचं त्या काळचं बांधकाम म्हणजे जांभ्याचे चिरे, चुना, लाकडी सांगाडा आणि वर कौलं. आपल्या कोकणातल्या माणसाला यात नवीन काही नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळाही अशाच. मंगलोरी कौलं तर आपल्या घरांवर शंभर वर्षं आहेत, बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोरात कारखाना काढला तिथून ती सगळ्या किनाऱ्यावर पसरली. बासेल मिशन प्रोटेस्टंट, पण कौल कुठल्या पंथाचं आहे हे पाऊस बघत नाही. तर असा हॉल, कमानी आहेत, आणि छत असं की मधे एक लांब पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उतार. दगडी व्हॉल्ट, म्हणजे कमानदार छत, नाही, घुमट नाही. इटलीतून आलेल्या माणसाच्या नजरेने बघितलं तर गरीबच.

तर आत गेल्यावर चित्रांकडे नंतर बघा, आधी खांब बघा. कॉर्निस (भिंतीच्या वरच्या कडेची पुढे आलेली पट्टी) बघा, कोनाडे, पट्ट्या, चौकटी, नक्षी बघा. आणि मग स्वतःला विचारा यातलं खरं किती. बरंचसं रंगवलेलं आहे. एका बाजूने उजेड येतोय असं धरून त्याने सावल्या टाकल्यात, त्यामुळे सपाट गिलावा पुढे आल्यासारखा किंवा आत गेल्यासारखा दिसतो. माझ्या मते या चॅपलचा खरा आर्किटेक्ट मोस्केनी आहे. जेझुइटांकडे जे बांधायला पैसा किंवा कारागीर नव्हते ते त्याने ब्रशने बांधून दिलं. तुम्ही आर्किटेक्चरचे विद्यार्थी असाल तर मधल्या वाटेवरून दारापासून वेदीपर्यंत हळू चालत जा आणि रंगवलेले खांब कुठल्या जागेवरून बरोबर उभे दिसतात आणि कुठून लटके पडतात ते बघा, एवढं केलं तरी तिकीट वसूल.

मोस्केनी बेर्गामोजवळच्या स्तेत्झानोचा, जन्म १८५४. बेर्गामोच्या अकादेमिया कारारामध्ये शिकला, म्हणजे हौशी ब्रदर नव्हता, पक्का ट्रेन केलेला चित्रकार होता आणि नाव असलेला चित्रकार होता, मग पस्तिशीत, १८८९ मध्ये येशूसंघात गेला. एड्रियाटिकच्या पलीकडे चर्चेस रंगवली, मग मंगलोरला पाठवलं. १८९९ ते १९०१ या काळात हे चॅपल केलं. हजारो चौरस फूट काम, आणि वय पंचेचाळीसच्या पुढे, परांचीवर मान मागे टाकून, मंगलोरच्या दमट उकाड्यात. ज्यांनी कधी छताचं काम केलंय त्यांना मान-खांदा-डोळे यांचं काय होतं ते सांगायला नको, मी एक आठवडा छताखाली काम केलं की फिजिओकडे जाते. नंतर त्याने मंगलोरच्याच सेंट जोसेफ सेमिनरीचं चॅपल रंगवलं, मुंबईत काम केलं, आणि १९०५ च्या नोव्हेंबरात कोचीनला वारला. पोटाच्या आजाराने. वय ५१.

आता फ्रेस्कोचा प्रश्न. भिंतीवर फ्रेस्को, हो. छतावर नाही, तिथे कॅनव्हासवर ऑइल. हे दोन वेगळे प्राणी आहेत आणि ते एकाच डोळ्याने बघून चालत नाही.

फ्रेस्को म्हणजे काय तर ओल्या चुन्यावर पाण्यात कालवलेला रंग. बस. डिंक नाही, अंडं नाही, तेल नाही. चुना भिजवून, महिनोन्महिने मुरवून, वाळूत मळून भिंतीवर आधी जाड थर देतात, मग त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढ्यापुरताच वरचा बारीक थर ओढतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत परत चुनखडी होतो आणि रंगाचे कण त्या कवचात अडकतात. म्हणजे रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचाच होतो. पण वेळ कमी, काही तास, आणि चूक झाली तर तेवढा गिलावा खरवडून परत. म्हणून फ्रेस्कोत एकेका दिवसाच्या कामाचे तुकडे असतात, त्यांच्या सांध्याच्या रेषा तिरप्या उजेडात दिसतात, बहुतेक वेळा आकृतीच्या कडेने फिरवलेल्या असतात म्हणजे जोड लपतो. बाजूच्या भिंतींवर उजेड आडवा पडत असेल तेव्हा त्या शोधा, सापडल्या की सोडवत नाही. आणि रंगांची यादीही मर्यादित, चुन्यात टिकतील तेच: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना स्वतःच पांढरा.

इथे एक गोष्ट बोलून टाकते. आपण मराठी लोक अजिंठ्याला सर्रास फ्रेस्को म्हणतो. अजिंठा फ्रेस्को नाही. तिथे मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकटद्रव्यात कालवलेले रंग. वाई-मेणवलीच्या वाड्यातली चित्रंही ओल्या चुन्यातली नाहीत. भारतात ओल्या चुन्यावर काम करण्याची परंपरा बघायची तर राजस्थानात, शेखावटीकडे. त्यामुळे मंगलोरच्या भिंतींवर इटालियन पद्धतीचा फ्रेस्को इतक्या मोठ्या प्रमाणात असणं ही आपल्याकडे खरंच दुर्मिळ गोष्ट आहे, सिस्टिनचं नाव न घेताही.

मग छतावर कॅनव्हास का? कारण वर लाकूड. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, त्यावर चुना थापला तर दोन-तीन वर्षांत पापडासारखा तडकून खाली. कॅनव्हास मात्र लाकडाबरोबर थोडा हलून घेतो. शिवाय ऑइलला वेळ मिळतो, दुरुस्ती करता येते, बारकावे काढता येतात. पोत्झोचा घुमट आठवा, तोही कॅनव्हासच. आणि म्हणूनच छताच्या आणि भिंतीच्या रंगांमध्ये फरक जाणवतो, वरचे गडद, जरा चमकणारे, भिंतीवरचे मऊ, पावडरी. गाइड लोक सगळ्यालाच फ्रेस्को म्हणतात, म्हणू देत, तुम्ही चमक बघा.

पावसाबद्दल. मंगलोरला वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, रत्नागिरीसारखाच हिशोब. फ्रेस्कोला दमट हवेचं वाकडं नाही, त्याला वाकडं आहे भिंतीच्या आतून येणाऱ्या पाण्याचं. जांभा सच्छिद्र, पाणी पितो, पाण्याबरोबर क्षार पुढे येतात आणि गिलाव्याच्या तोंडाशी पाणी उडून जातं, क्षार तिथेच स्फटिक होतात आणि रंगाला आतून ढकलतात. तोच आपला लोणा. समुद्र जवळ असला की मीठ आणखी. म्हणजे चित्र वाचवायचं तर चित्राला हात लावायच्या आधी छपरावर चढायचं, फुटकं कौल बदलायचं, पन्हळी साफ करायच्या, भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचतंय का बघायचं. माझ्या धंद्यातलं निम्म्याहून जास्त काम हे प्लंबरचं आहे आणि त्याचे फोटो कोणी काढत नाही. कॅनव्हासचा त्रास वेगळा, तो झोळीसारखा सैल पडतो, मागून बुरशी लागते, वाळवी लाकडातून येते, वार्निश पिवळं पडतं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या लखनौच्या केंद्राने इथे मोठं जतनकाम केलं, तोवर शंभर वर्षांची धूळ, मेणबत्त्यांचा धूर, गळतीचे डाग साठलेले होते. आज जे रंग दिसतात ते त्या सफाईनंतरचे. असं काम करताना आमच्या डोक्यावर कायम अजिंठ्याचं भूत बसलेलं असतं. १९२० ते १९२२ मध्ये निजामाने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याला आणलं, त्यांनी सुटत चाललेला रंग घट्ट बसवला, ते काम चांगलं होतं, पण वरून शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या वार्निशचा, हात दिला, तो काळाने पिवळा-तपकिरी झाला, धूळ धरून बसला, आणि नंतरच्या पिढ्या तो काढण्यातच गुंतल्या. त्या काळात ती पद्धत रूढच होती, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण म्हणून आता कोणतंही द्रव्य लावायच्या आधी हे उद्या काढता येईल का हा पहिला प्रश्न असतो.

खरा वैताग येतो तो लहान चॅपलांचा. किनाऱ्यावरच्या एका शाळेने मला बोलावलं होतं, नाव सांगत नाही, चांगले लोक आहेत. वेदीमागे जुनी रंगीत नक्षी, खालून लोणा. मी जाईपर्यंत माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून भिंतीला चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट झालेला होता, चकाचक. सिमेंट श्वास घेऊ देत नाही, म्हणून आत कोंडलेलं पाणी सिमेंटच्या वरून बाहेर पडायला लागलं, म्हणजे बरोब्बर नक्षीतून. तो सगळा सिमेंट हाताने, छिन्नीने काढायला लावला आणि चुना परत दिला, नक्षीचा खालचा पट्टा मात्र गेलाच. तुमच्या शाळेत असं जुनं चॅपल असेल तर एवढं करा, सिमेंटवाल्याला दारातच थांबवा.

आता चित्रांमध्ये काय सांगितलंय. छताच्या मधल्या पट्ट्यात अलॉयशियसचं आयुष्य, वर सांगितलं तेच, दरबार, बोरोमिओच्या हातचं कम्युनियन, वारसा सोडणं, साथीच्या रोग्यांची सेवा. उतारांवर प्रेषित, खाली कमानींच्या वर संतमंडळी, मधेमधे फुलांच्या माळा आणि देवदूत. भिंतींवर येशूच्या आयुष्यातले प्रसंग, जन्म, बाप्तिस्मा, काना गावातलं लग्न, मुलांमध्ये बसलेला येशू. सगळं मिळून बघितलं तर सरळ कळतं की बघणारा कोण धरलाय: दहा-पंधरा वर्षांचा मुलगा, बाकावर बसलेला, प्रवचनात कंटाळलेला, मान वर करणारा. त्याच्या डोक्यावर त्याच्याच वयाचा एक मुलगा आहे, श्रीमंत घरचा, जो बापाला नाही म्हणतो. ही गोष्ट १८९९ च्या पालकांना कितपत सोयीची होती देव जाणे. संत निवडताना, प्रसंग निवडताना शिक्षकाचा हात दिसतो.

साथीच्या चित्राजवळ जरा जास्त थांबा. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, १८९७ ला पुण्यात काय झालं ते आपल्याला शाळेत शिकवतात, पुढची कित्येक वर्षं तो देशभर फिरत होता. मोस्केनी इथे रोमची जुनी साथ रंगवत होता आणि खाली बसणाऱ्या पोरांच्या घरात प्लेग हा शब्द रोज बोलला जात असणार. चित्रकाराच्या मनात हे होतं की नव्हतं यावर मी पैज लावणार नाही, संताच्या चरित्रात तो प्रसंग असतोच. पण बघणाऱ्यांना ते रोमचं वाटलं नसेल.

जाण्याबद्दल: लाइटहाऊस हिलवर आहे, शहराच्या मधोमध, रिक्षावाल्याला अलोशियस चॅपल म्हटलं की पुरे. आत फोटो काढू देत नाहीत, वाद घालू नका, फ्लॅशपेक्षा गर्दी थांबवण्यासाठी तो नियम बरा आहे, त्यामुळे लोक निदान डोळ्यांनी बघतात. छोटी दुर्बीण न्या, छतासाठी तिच्याशिवाय काही खरं नाही. डिसेंबर चांगला, हवा कोरडी असते, पण नाताळच्या आसपास आणि रविवारी मिस्सा असते तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. ते आता अभिमत विद्यापीठ झालंय पण चॅपल अजून वापरातलं आहे, पोरं परीक्षेच्या आधी येऊन बसतात, त्यांच्यासमोर उभं राहून छताकडे बोट दाखवत मोठ्याने बोलू नका. त्याच कॅम्पसमध्ये अलॉयशियम म्युझियम आहे, वेळ उरला तर.

आणि मंगलोरला जाणं नाहीच जमलं तर मुंबईकरांना दुसरी सोय आहे. कुलाब्याला वोडहाउस रोडवरचं होली नेम कॅथीड्रल, डब्ल्यू. ए. चेंबर्सने डिझाइन केलेलं, १९०५ च्या सुमारास पुरं झालेलं, आणि आतली चित्रं याच मोस्केनीची. आवारात शाळाही आहे. तिथे बिल्डिंगच गॉथिक आहे, टोकदार कमानी खऱ्याखुऱ्या बांधलेल्या, म्हणजे चित्रकाराला इमारत रंगवून द्यायची गरजच नव्हती. दोन्ही बघितलीत तर तोच हात दोन वेगळ्या खोल्यांमध्ये कसा वेगळा वागतो ते समजेल. मला स्वतःला मंगलोरचं जास्त आवडतं.